ऑक्झॅलिक ॲसिड : फ्लास्कमधलं, शिवारातलं आणि पोटातलं

बारावीत टायट्रेशन, फर्स्ट इयरला पुन्हा टायट्रेशन, आणि ओरलमध्ये ठरलेला प्रश्न : "प्रायमरी स्टँडर्ड म्हणजे काय? उदाहरण द्या." उत्तर आपल्या सगळ्यांचं पाठ आहे : ऑक्झॅलिक ॲसिड. मार्क पडले की त्या पांढऱ्या स्फटिकांचा आणि आपला संबंध संपला, असं आपण समजतो.

पण तो संबंध संपत नाही. हिवाळ्यात विष्णुपुरीच्या बाहेर कुठल्याही बाजूला निघालात की हरभऱ्याची शेतं लागतात. त्या प्रत्येक पानावर हे ॲसिड आहे. मेसच्या पालकात आहे, चहात आहे, नांदेडच्या बाजारातल्या आंबट चुक्याच्या जुडीत आहे. आणि उन्हाळ्यात हॉस्टेलच्या एखाद्या रूममधून रात्री दोन वाजता "कंबरेतून कळ येतेय रे" असा आवाज येतो, तेव्हा त्यामागेही बहुतेक वेळा हेच ॲसिड असतं. म्हणून या लेखात त्याची नीट ओळख करून घेऊ. सिलॅबस तर येईलच, पण सिलॅबसच्या बाहेरचं जास्त आहे.

ओळखपत्र

सेंद्रिय आम्लांची खूण म्हणजे कार्बोक्सिल गट. फॉर्मिक ॲसिडमध्ये एकच कार्बन आणि एकच कार्बोक्सिल. व्हिनेगारमधल्या ॲसिटिक ॲसिडमध्ये कार्बन दोन, पण कार्बोक्सिल एकच. ऑक्झॅलिक ॲसिडमध्येही कार्बन दोनच, पण दोन्ही कार्बोक्सिलचे, आणि ते एकमेकांना सरळ जोडलेले. मध्ये तिसरं कोणी नाही. दोन कार्बोक्सिल गटांच्या आम्लांमध्ये याच्यापेक्षा साधं आम्ल असूच शकत नाही.

कोरड्या ॲसिडचा रेणुभार ९०. लॅबच्या बाटलीत मात्र आपल्याला मिळतात ते प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू धरून बसलेले स्फटिक. त्यांचा रेणुभार १२६. हे पाणी ठरलेल्या प्रमाणातच असतं. नेहमीच्या हवेत ते स्फटिक पाणी शोषत नाहीत आणि सोडतही नाहीत. म्हणून वजन करताना फसवणूक होत नाही आणि म्हणूनच हे प्रायमरी स्टँडर्ड. सोडियम हायड्रॉक्साइडचे खडे वॉच ग्लासवर ठेवले की बघता बघता ओले होतात. त्याला हा मान कधीच मिळणार नाही.

आता ताकद. ॲसिटिक ॲसिडचा पीके ४.७६, फॉर्मिकचा ३.७५ आणि ऑक्झॅलिकचा पहिला पीके साधारण १.२५. पीके हा लॉगरिदमचा आकडा असल्याने फरक छोटा दिसतो, पण हिशोब केला तर ऑक्झॅलिकचा आयनीकरण स्थिरांक ॲसिटिकच्या सुमारे ३००० पट भरतो. कारण शेजारीच आहे. एक कार्बोक्सिल गट दुसऱ्याकडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याचा हायड्रोजन लवकर सुटतो. पहिला सुटल्यावर मात्र रेणूवर ऋण भार येतो आणि दुसरा हायड्रोजन अडून बसतो. दुसरा पीके चारच्या वर आहे तो त्यामुळे.

त्रेसष्टचं कोडं

०.१ नॉर्मल द्रावण करायला लिटरला ६.३ ग्रॅम स्फटिक घ्यायचे, हे आपण डोळे झाकून करतो. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर टायट्रेशन असो नाहीतर पोटॅशियम परमँगनेटबरोबर, इक्विव्हॅलंट वेट दोन्हीकडे ६३ च येतं. दोन्ही क्रिया तर वेगळ्या आहेत! पहिलीत ॲसिडचा रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, १२६ भागिले २. दुसरीत तो दोन इलेक्ट्रॉन देतो, पुन्हा १२६ भागिले २. कारण रेणूतल्या दोन्ही कार्बनची ऑक्सिडेशन अवस्था +३ असते. परमँगनेट त्यांना +४ वर नेतं आणि दोन्ही कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. म्हणजे कार्बनने शेवटच्या पायरीच्या एक पायरी आधी केलेला मुक्काम म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड.

हे टायट्रेशन ६० ते ७० अंशांना का करायचं, हेही यातून कळतं. थंड द्रावणात ही क्रिया फार रेंगाळते. गरम करूनसुद्धा परमँगनेटचा पहिला थेंब पडला की गुलाबी रंग जायला वेळ लागतो, आणि नंतरचे थेंब झटपट विरतात. पहिल्या थेंबातून तयार झालेले मँगनीजचे आयनच पुढच्या क्रियेला उत्प्रेरक ठरतात. आणि सल्फ्युरिक ॲसिडच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर. दोन्हींत रीडिंग चुकतं.

नाव कुठून आलं, ॲसिड कुठून आलं

आपल्या कॅम्पसच्या लॉनच्या कडेला, नळाजवळच्या ओलीत एक छोटी वेल पसरलेली असते. बदामाच्या आकाराची तीन-तीन पानं, बारीक पिवळी फुलं. तिला आपण आंबुशी म्हणतो. लहानपणी पान चघळलं नाही असा गावाकडचा मुलगा विरळाच. वनस्पतिशास्त्रात तिच्या वंशाचं नाव ऑक्झॅलिस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आंबट, तीक्ष्ण. त्यावरूनच ॲसिडला नाव पडलं. युरोपात आंबुशीच्या आणि चुक्याच्या भाईबंदांच्या रसातून एक आंबट मीठ काढत आणि कपड्यांवरचे शाईचे डाग घालवायला वापरत. ते मीठ म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचं ऑक्झलेट.

१७७६ च्या सुमारास स्वीडनमध्ये कार्ल शेले आणि टॉर्बर्न बर्गमन यांनी साखरेवर नायट्रिक ॲसिडची क्रिया करून एक आम्ल मिळवलं. त्याला 'साखरेचं आम्ल' म्हणत. १७८४ मध्ये शेलेनेच दाखवून दिलं की साखरेचं आम्ल आणि चुक्यातलं आम्ल एकच आहे. आज वाचताना यात विशेष वाटत नाही. पण प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात तयार झालेली वस्तू आणि मातीतल्या झाडात तयार झालेली वस्तू एकच असते, हे त्या काळी सहज पटणारं नव्हतं.

याच गोष्टीचा पुढचा भाग म्हणजे १८२४. फ्रेडरिक व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने सायनोजेन नावाच्या वायूची पाण्याशी क्रिया घडवून ऑक्झॅलिक ॲसिड मिळवलं. सायनोजेनमध्ये दोन कार्बन आधीच जोडलेले असतात. दोन्ही टोकांचे नायट्रोजन सुटून त्या जागी कार्बोक्सिल येतात. सेंद्रिय पदार्थ सजीवांच्या बाहेर तयार होत नाहीत, हा समज व्होलरने १८२८ मध्ये युरिया बनवून मोडला, असं आपण पुस्तकात वाचतो. पण त्याच्या चार वर्षं आधी त्याच व्होलरच्या हाती ऑक्झॅलिक ॲसिड आलेलं होतं. मान मात्र युरियाला मिळाला.

कारखान्यांचं म्हणाल तर एकोणिसाव्या शतकात लाकडाचा भुसा कॉस्टिकबरोबर तापवून हे ॲसिड काढत. नंतर सोडियम फॉर्मेट तापवण्याची पद्धत आली. दोन फॉर्मेट जोडले जातात, हायड्रोजन निघून जातो आणि सोडियम ऑक्झलेट उरतं. शेलेची पद्धतही जिवंत आहे. साखर, स्टार्च किंवा साखर कारखान्याची मळी घ्यायची आणि व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकाबरोबर नायट्रिक ॲसिडने ऑक्सिडाइज करायची. ऊस पिकवणाऱ्या मराठवाड्यातल्या केमिकल इंजिनिअरने ही शेवटची ओळ दोनदा वाचावी.

हरभऱ्याची आंब

आता लॅब सोडून शिवारात जाऊ. हरभऱ्याच्या पानांवर, कोवळ्या फांद्यांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते. भिंगातून बघितलं तर त्यातल्या बऱ्याच केसांच्या टोकाला एकेक चिकट थेंब दिसतो. हीच आंब. ढाळे सोलून खाताना ओठ चुरचुरतात, भाजीसाठी शेंडे खुडणाऱ्या बायकांची बोटं आंबट होऊन भेगाळतात, ती हिच्यामुळे. हरभऱ्यातून रोज फिरलं की चपलेचं चामडं लवकर जातं, असंही आमच्याकडे सांगतात.

आमच्या गावाकडे आंब धरायची रीत आहे. थंडीच्या दिवसांत स्वच्छ मऊ कापड, बहुतेक जुनं धोतर, पहाटे दव असताना हरभऱ्यावरून फिरवतात, किंवा रात्रीच पिकावर अंथरून ठेवतात. दवाबरोबर आंब कापडात उतरते. सूर्य वर यायच्या आत ते पिळून बाटलीत भरायचं. माझी आजी ती बाटली देवळीत ठेवायची आणि कोणाचं पोट दुखलं, अजीर्ण झालं की चार थेंब पाण्यात टाकून द्यायची. घराघरात अशी बाटली असे.

या थेंबात मुख्यतः दोन आम्लं असतात : मॅलिक, म्हणजे सफरचंदाला आंबटपणा देणारं, आणि ऑक्झॅलिक. हरभरा हे एवढं ॲसिड बाहेर टाकतो ते कशासाठी? शेतकऱ्याचं उत्तर तयार असतं. अवकाळी पाऊस झाला की म्हातारी माणसं म्हणतात, "आंब धुऊन गेली, आता अळी पडणार." अळी म्हणजे घाटेअळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्याचा घाटा पोखरून आत डोकं घालून बसणारी.

या बोलण्याला प्रयोगशाळेचाही आधार आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कोरडवाहू पिकांवर, त्यातही हरभरा आणि तुरीवर, काम करते. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घाटेअळीच्या कृत्रिम खाद्यात ही दोन्ही आम्लं वेगवेगळी मिसळून पाहिली. ऑक्झॅलिक असलेलं खाद्य खाणाऱ्या अळ्यांची वाढ खुंटली. मॅलिकचा तसा काही परिणाम दिसला नाही. अळीला कमी बळी पडणाऱ्या वाणांच्या पानांवर ऑक्झॅलिक ॲसिड जास्त साठतं, असंही दिसलं. म्हणजे आंबेतलं खरं हत्यार ऑक्झॅलिक. अर्थात या हत्यारावर विसंबून फवारणी सोडून द्यावी एवढी ताकद त्यात नाही, हे घाटेअळीने दरवर्षी दाखवून दिलं आहे. पण वाण निवडताना आणि नवीन वाण तयार करताना हा गुण बघण्यासारखा आहे.

लोखंड आणि कॅल्शियम : दोन नाती

ऑक्झलेट आयनाला दोन टोकं आहेत. धातूच्या आयनाला तो दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो. पण कोणाला धरतो यावर पुढचं सगळं अवलंबून.

लोखंडाच्या गंजावर ऑक्झॅलिक ॲसिड टाकलं की फेरिक आयनाभोवती तीन ऑक्झलेट बसतात आणि हिरवट रंगाचा, पाण्यात विरघळणारा कॉम्प्लेक्स तयार होतो. गंज धुऊन जातो. म्हणून गंज काढायच्या द्रावणांत हे ॲसिड असतं. टेक्स्टाइलमध्ये कापडावर लोखंडाचे तपकिरी डाग पडतात, ते काढायलाही हेच. लाकडाचे काळे डाग उजळायलाही हेच.

कॅल्शियमशी मात्र उलटं घडतं. ऑक्झलेट आणि कॅल्शियम भेटले की तयार होणारा क्षार पाण्यात जवळपास विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम ६-७ मिलिग्रॅम. बारावीच्या सॉल्ट ॲनॅलिसिसमध्ये कॅल्शियम ओळखायला अमोनियम ऑक्झलेट टाकून पांढरा साका आणायचो ना, तोच हा. हा साका ॲसिटिक ॲसिडमध्येही विरघळत नाही. हायड्रोक्लोरिक लागतं.

झाडं या गुणाचा उपयोग करून घेतात. मुळातून आलेलं जास्तीचं कॅल्शियम ऑक्झलेटच्या रूपात पेशीत स्फटिक करून बाजूला ठेवतात. अळूच्या पानात हे स्फटिक सुयांच्या जुडग्यांसारखे असतात. कच्चट अळू खाल्लं की घसा खवखवतो तो या सुया टोचून. म्हणून अळू नीट शिजवायचं असतं.

माणसाच्या शरीरात मात्र हे नातं घातक ठरू शकतं. शुद्ध ऑक्झॅलिक ॲसिड पोटात गेलं तर आतडं भाजतं आणि रक्तातलं कॅल्शियम साक्यात अडकतं. हृदय, स्नायू, नसा सगळ्यांना कॅल्शियम लागतं. काही ग्रॅम ॲसिड जिवावर बेतू शकतं. म्हणून पिपेटला तोंड लावायचं नाही, बल्ब वापरायचा. आणि मेकॅनिकलच्या मित्रांसाठी एक सूचना. रेडिएटरच्या कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. त्याची चव गोड असते. ते पोटात गेलं तर यकृत त्याचं टप्प्याटप्प्याने ऑक्झॅलिक ॲसिड करतं आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचतात. कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती आजच सोडावी.

आता मुतखडा

मुतखडे बऱ्याच प्रकारचे असतात, पण सगळ्यांत जास्त आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचाच. गेल्या उन्हाळ्यात आमच्या विंगमधल्या एका मित्राला तो झाला. सोनोग्राफीचा रिपोर्ट येईपर्यंत त्याच्याकडे सल्ल्यांचा ढीग जमला होता. दूध बंद कर, खड्यात कॅल्शियम असतं. टोमॅटो बंद कर. पालकाकडे बघूसुद्धा नको. पानफुटीची पानं खा, खडा विरघळतो. कुळथाचं पाणी पी. आणि सीनियर्सचा ठरलेला सल्ला : बिअर पी, वाहून जाईल! मी डॉक्टर नाही. पण वर जे रसायनशास्त्र आपण बघितलं, त्याच्या उजेडात यातले बरेचसे सल्ले तपासता येतात.

पहिला, दुधाचा. खड्यात कॅल्शियम आहे, म्हणून कॅल्शियम खाणं बंद करायचं, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण ऑक्झलेट आणि कॅल्शियम कुठे भेटतात हे बघा. जेवणातलं कॅल्शियम जेवणातल्या ऑक्झलेटला आतड्यातच भेटलं, तर तिथेच साका होतो आणि तो शौचावाटे निघून जातो. आतड्यात कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडात पोचतं. तिथे कॅल्शियम असतंच. भेट तिथे होते आणि खडा तिथे होतो. म्हणजे भेट टळत नाही, फक्त जागा बदलते.

हा नुसता तर्क नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत सुमारे ४५ हजार पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झालेले दिसले. २००२ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी खडे पुन्हा पुन्हा होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. ६० जणांना कमी कॅल्शियमचा आहार आणि ६० जणांना नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातल्या १२ जणांना. म्हणजे आपल्या घरात पालकाबरोबर डाळ, चुक्याबरोबर शेंगदाणे आणि जेवणात ताकाची वाटी असते, त्यातलं ताक निदान मुतखड्यावाल्याने सोडू नये. चहातही ऑक्झलेट असतं. त्यात दूध आहे ते बरंच आहे.

दुसरा, टोमॅटो-पालकाचा. इथे दोघांना एका दोरीत बांधणं अन्याय आहे. १०० ग्रॅम पालकात ऑक्झलेट साधारण अर्धा ते एक ग्रॅम भरतं. टोमॅटोत त्याच्या मानाने अगदीच किरकोळ. ज्याला खडा होऊन गेला आहे त्याने पालक, चुका, घोळ बेताने खावं. उकळून पाणी टाकून दिलं तर विरघळणाऱ्या ऑक्झलेटचा बराच भाग जातो. आजीच्या बाटलीतली आंबही अशा माणसाने लांब ठेवावी. बाकीच्यांनी मेसच्या पालकावर राग काढायला हे कारण वापरू नये! शिवाय ऑक्झलेट काही फक्त बाहेरून येत नाही. आपलं यकृतही ते तयार करतं आणि ते मोडणारं एन्झाइम माणसात नाही. आतड्यातले काही जीवाणू मात्र ऑक्झलेटवरच जगतात. त्यातल्या एकाला १९८५ मध्ये ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनेस असं नाव मिळालं. कारण नसताना अँटिबायोटिक्स घेऊन आपण अशा भाडेकरूंना घराबाहेर काढतो.

तिसरा, विरघळवण्याचा. युरिक ॲसिडचे खडे लघवी अल्कलाइन करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे तसे विरघळत नाहीत. ज्या साक्याला ॲसिटिक ॲसिड दाद देत नाही, तो पानाच्या रसाने मूत्रपिंडात विरघळेल ही आशा फार मोठी आहे. मग पानफुटीने गुण आला असं लोक का सांगतात? कारण ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआपच पडतात. कुळथाच्या पाण्यात निदान पाणी तरी असतं. बिअरने लघवी जास्त होते खरी, पण दारू शरीरातलं पाणी काढून नेते आणि दुसऱ्या दिवशी लघवी आणखी घट्ट होते. सीनियर्सनी दुसरं निमित्त शोधावं.

पाण्याचा हिशोब

राहिला सर्वांत साधा सल्ला, पाणी पिण्याचा. तो आपण रोज ऐकतो, म्हणून त्यातली ताकद लक्षात येत नाही. इंजिनिअर आहोत तर हिशोब करू.

समजा दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३० मिलिग्रॅम ऑक्झलेट लघवीतून जातंय आणि लघवी आहे एक लिटर. कॅल्शियम झालं ५ मिलिमोल, ऑक्झलेट ०.३४ मिलिमोल. दोघांचा आयनिक प्रॉडक्ट काढला तर १.७ गुणिले १० चा उणे सहावा घात. कॅल्शियम ऑक्झलेटचा सोल्युबिलिटी प्रॉडक्ट आहे २.३ गुणिले १० चा उणे नववा घात. म्हणजे मर्यादेच्या सातशेपटीहून जास्त! शुद्ध पाण्यात एवढं झालं असतं तर क्षणात साका पडला असता. लघवीत तो पडत नाही, कारण तिथे इतर क्षारही भरपूर आहेत आणि सायट्रेट, मॅग्नेशियम हे मधे पडून दोघांना वेगवेगळं धरून ठेवतात. त्यामुळे खरी अतिसंपृक्तता या आकड्यापेक्षा खूप कमी असते. तरी सगळ्यांच्याच मूत्रपिंडात हा खेळ काठावर चाललेला असतो, एवढं नक्की.

आता लघवी एकाची दोन लिटर करा. कॅल्शियमची संहती निम्मी, ऑक्झलेटचीही निम्मी. प्रॉडक्ट मात्र निम्मा होत नाही, तो एक चतुर्थांश होतो. लघवी दुप्पट केली की धोका ढोबळमानाने पावपट. कुठलंही पथ्य इतक्या स्वस्तात इतका परतावा देत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्याच एका चाचणीत पहिल्यांदा खडा झालेल्यांपैकी निम्म्यांना फक्त भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. बाकीच्यांत २७ टक्क्यांना.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. पाणी घामावाटे जातं, लघवी कमी आणि पिवळीजर्द होते. नेमक्या त्याच दिवसांत सबमिशन, ओरल आणि रात्रीचं जागरण. कूलर खालच्या मजल्यावर, म्हणून वरच्या मजल्यावरचा मुलगा पाण्याऐवजी चहावर दिवस काढतो. काही जण बोअरच्या पाण्याला घाबरून कमी पितात. कठीण पाण्याने मुतखडा होतो, ही आपल्या भागातली पक्की समजूत आहे. पण कठीण पाणी आणि मुतखडा यांचा तसा सरळ संबंध संशोधनात ठामपणे सिद्ध झालेला नाही. कमी पाणी पिण्याचा संबंध मात्र सिद्ध झालेला आहे. पाणी खारट लागतं म्हणून ते कमी पिणं, हा त्यातला सगळ्यात महागडा उपाय.

थोडक्यात सांगायचं तर : लघवी दिवसभर पाण्यासारखी फिकट राहील एवढं पाणी प्या. उन्हाळ्यात त्यासाठी तीन लिटर किंवा जास्तही लागेल. झोपताना एक ग्लास प्या, कारण रात्रीच लघवी सर्वांत घट्ट होते. लोणचं, पापड, फरसाण बेताने. मीठ जास्त झालं की लघवीत कॅल्शियमही जास्त उतरतं. लिंबू पिळा, त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. दूध, दही, ताक सोडू नका. कळ आली, आणि तिच्याबरोबर ताप, थंडी, उलट्या किंवा लघवी बंद असं काही असेल, तर सकाळची वाट बघू नका आणि रूमवर प्रयोग करू नका. रेक्टरना उठवा आणि दवाखाना गाठा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीतच आहे.

ऑक्झॅलिक ॲसिड तेच आहे. हरभऱ्याच्या लवेवर ते पिकाची राखण करतं, लॅबमध्ये आपलं रीडिंग खरं ठेवतं, गंजलेलं लोखंड साफ करतं आणि मूत्रपिंडात खडा होऊन बसतं. ते चांगलं की वाईट, हा प्रश्न केमिस्ट्रीत येत नाही. ते कुठे आहे, किती आहे आणि तिथे त्याला कॅल्शियम भेटतंय का, एवढंच विचारायचं. यापुढे टायट्रेशन करताना ६.३ ग्रॅमचा आकडा लिहाल, तेव्हा बॅगेतली पाण्याची बाटली भरलेली आहे का तेही बघा.